डीडमध्ये ‘फक्त पार्कसाठी’ लिहिलेली जागा टाउनशिपला बदलून देता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपमध्ये (नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था) वस्तीच्या मधोमध 6 एकरांचा पार्क आहे. ही जमीन कुणीतरी 1950च्या दशकात टाउनशिपला दान केली आणि डीडमध्ये (जमिनीच्या नोंदणीकृत दस्तात) ती सार्वजनिक पार्कसाठीच वापरावी असं लिहिलं. आता टाउनशिपला ती एका विकासकाला द्यायची आहे. बदल्यात तो गावाच्या कडेला 9 एकर जमीन देणार आहे. ‘दीडपट जागा मिळतेय, मग तक्रार कसली?’ असं कौन्सिलचं म्हणणं. हे कायद्यात बसतं का, आणि आसपासच्या रहिवाशांनी नेमकं काय तपासायचं?

बसू शकतं. अशा अदलाबदली होतात, आणि काही वेळा नवी जागा खरोखरच जुनीपेक्षा बरी निघते. पण 6 विरुद्ध 9 हा हिशोब जवळजवळ निरुपयोगी आहे. जुन्या जागेवर बंधनं किती आणि कोणाची, बंधन नसतं तर तिची किंमत काय झाली असती, आणि नवी जागा कायमची पार्क म्हणून नोंदवण्याआधीच जुनी मोकळी होतेय का, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. एकरांचा आकडा पुढे केला जातो कारण तो सभेत सांगायला सोपा असतो.

महाराष्ट्रातून आलेल्यांचा इथे एक घोळ होतो, तो आधी मिटवू. आपल्याकडे बागेची जागा म्हटलं की डीपीतलं (शहराच्या विकास आराखड्यातलं) आरक्षण डोळ्यांसमोर येतं. ते बदलायला एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याचं कलम 37 असतं. महापालिका नोटीस काढते, हरकती मागवते, प्रस्ताव शासनाकडे जातो आणि मंजुरी मिळाली की आरक्षण हलतं. म्हणजे सरकारने घातलेलं बंधन सरकारच काढतं. अमेरिकेत डीडमधलं बंधन झोनिंगपेक्षा (कुठे काय बांधता येतं हे ठरवणाऱ्या स्थानिक नियमांपेक्षा) वेगळं असतं. टाउनशिपने झोन बदलला, रिडेव्हलपमेंट प्लॅन मंजूर केला, तरी डीडमधलं वाक्य जिथल्या तिथे राहतं, कारण ते दुसऱ्या कोणाचा तरी हक्क असतं. शिवाय एकाच जमिनीवर अशी तीन-चार बंधनं एकावर एक चढलेली असू शकतात. एक सुटलं म्हणून बाकीची सुटत नाहीत.

म्हणून पहिलं काम काउंटी क्लार्कच्या कार्यालयात. टाउनशिपच्या टॅक्स मॅपवरून ब्लॉक आणि लॉट नंबर घ्या आणि त्यावरून मूळ डीड शोधा. कौन्सिलच्या ठरावातला सारांश किंवा टायटल (मालकीहक्क) रिपोर्टमधली एक ओळ यावर विसंबू नका. पूर्ण डीड वाचा, शेवटच्या पानापर्यंत. पार्क एकाच डीडने आलेला असेल असंही गृहीत धरू नका. अनेक पार्क दोन-तीन तुकड्यांचे असतात. एक दान, एक कर थकल्यामुळे जप्त झालेला लॉट, एक बिल्डरने सबडिव्हिजनच्या (प्लॉट पाडण्याच्या) मंजुरीच्या बदल्यात दिलेला. प्रत्येक तुकड्याचं बंधन वेगळं असतं.

डीडची भाषा कशी आहे यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे. ‘जोपर्यंत पार्क म्हणून वापर होईल तोपर्यंत’ अशी रचना असेल, तर वापर थांबताच मालकी आपोआप दात्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे परत जाऊ शकते. ‘मात्र पार्क म्हणून वापर न झाल्यास दात्याला जमीन परत घेता येईल’ असं असेल, तर वारसांना हक्क बजावावा लागतो, ती आपोआप जात नाही. आणि नुसतं ‘सार्वजनिक पार्कसाठी’ असं असेल, परतीचा उल्लेखच नसेल, तर कोर्ट त्याकडे करार म्हणून पाहील, धर्मादाय ट्रस्ट म्हणून पाहील, की फक्त हेतूचं वर्णन म्हणून, हे राज्याच्या निवाड्यांवर आणि आजूबाजूच्या पुराव्यावर ठरतं. त्यामुळे डीडबरोबर त्या वर्षीचा कौन्सिलचा स्वीकृतीचा ठरावही काढा. दान कोणत्या अटीवर स्वीकारलं हे बऱ्याचदा तिथे जास्त स्पष्ट लिहिलेलं असतं.

परतीचं कलम पोकळ नसतं, याचं सगळ्यात कडू उदाहरण जॉर्जियातल्या मेकन शहरातलं आहे. सिनेटर ऑगस्टस बेकन यांनी 1911च्या मृत्युपत्राने शहराला पार्क दिला होता, तोही केवळ गोऱ्यांसाठी. वंशभेदाची ती अट राबवता येणार नाही असं झाल्यावर प्रश्न आला की अट गाळून पार्क सर्वांसाठी चालू ठेवायचा की जमीन परत करायची. 1970 साली ‘इव्हान्स विरुद्ध ॲबनी’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियाच्या कोर्टाचा निर्णय कायम ठेवला आणि जमीन वारसांकडे गेली. पार्क संपला. दात्याची अट मोडली की जमीन शहराच्या हातातून जाऊ शकते, हे टाउनशिपच्या वकिलालाही माहीत असतं. म्हणूनच तो वारसांकडून हक्कसोड लिहून घेण्याच्या मागे असतो. वारसांनी सही दिली म्हणजे सगळं झालं, असं मात्र नाही. दान लोकांसाठी होतं, म्हणून धर्मादाय ट्रस्टचा मुद्दा आला की राज्याचे ॲटर्नी जनरल पक्षकार होतात आणि प्रकरण सुपीरियर कोर्टाच्या चॅन्सरी विभागात जातं. तिथे दात्याचा हेतू पूर्ण करणं अशक्य किंवा अव्यवहार्य झालंय हे दाखवावं लागतं. ‘या जागेतून जास्त कर मिळेल’ हे त्याचं उत्तर होत नाही.

डीड हा पहिला थर झाला. दुसरा थर ग्रीन एकर्सचा. न्यू जर्सीत 1961पासून हा कार्यक्रम चालू आहे. राज्य टाउनशिपना मोकळ्या जागा घ्यायला आणि पार्क विकसित करायला पैसे देतं. लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की टाउनशिपने एका पार्कसाठी पैसे घेतले, तरी त्या वेळी तिच्याकडे पार्क किंवा संवर्धनासाठी असलेल्या बाकीच्या जागाही बांधल्या जातात. त्या सगळ्यांची यादी करून नोंदवावी लागते. तिला रोझी (आरओएसआय, करमणूक आणि मोकळ्या जागांची यादी) म्हणतात. त्यामुळे ‘या पार्कवर ग्रीन एकर्सचा एक डॉलरही खर्च झालेला नाही’ हे वाक्य खरं असूनही गैरलागू असू शकतं. रोझीत ब्लॉक-लॉट आहे का, एवढंच पाहायचं. आणि यादीतून सुटला असेल तरी त्या तारखेला जागा पार्क म्हणून वापरात होती का, तेही पाहायचं. जुन्या याद्यांत लॉट नंबर चुकलेले, सबडिव्हिजननंतर बदललेले, अर्धाच लॉट दाखवलेला, असं सर्रास सापडतं.

रोझीतली जागा पार्कबाहेर काढायची तर डीईपीच्या (राज्याच्या पर्यावरण खात्याच्या) कमिशनरची आणि स्टेट हाउस कमिशन या राज्यपातळीवरच्या मंडळाची अशा दोन्ही मंजुऱ्या लागतात. मोठ्या प्रकरणात अर्जाआधी स्कोपिंग हिअरिंग (प्राथमिक जाहीर सुनावणी) होते, मग पर्यायांचं विश्लेषण, भरपाईचा प्रस्ताव, पुन्हा जाहीर सुनावणी. कौन्सिलने ऑर्डिनन्स (टाउनशिपचा स्थानिक कायदा) मंजूर केला म्हणजे व्यवहार झाला असं नाही. ती फक्त टाउनशिपची इच्छा झाली.

तिसरा थर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा विसरला जातो. लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंड, म्हणजे एलडब्ल्यूसीएफ, 1965पासून चालू आहे. त्या कायद्याचं कलम 6(एफ)(3) सांगतं की या पैशातून घेतलेली किंवा विकसित केलेली जागा खुल्या सार्वजनिक करमणुकीशिवाय दुसऱ्या कामाला वळवायची असेल, तर केंद्राची मंजुरी हवी. ती नॅशनल पार्क सर्व्हिस देते. राज्याच्या करमणूक आराखड्याशी प्रस्ताव जुळायला हवा, बदलीची जागा किमान तेवढ्याच बाजारमूल्याची हवी, आणि उपयोग व ठिकाण या दृष्टीने वाजवी प्रमाणात समतुल्य हवी.

इथला सापळा असा. 1970च्या दशकात टेनिस कोर्टासाठी छोटी रक्कम घेतलेली असते. आज ते कोर्टही उरलेलं नसतं. पण अनुदानाच्या वेळी जो सीमा-नकाशा जोडला गेला त्यात बहुतेक वेळा पूर्ण पार्क असतो, आणि बंधन पूर्ण नकाशाला लागतं, मुदतीशिवाय. मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्ड शहरात हेच झालं. क्रॉस स्ट्रीटवरच्या खेळाच्या मैदानावर शहराला शाळा बांधायची होती. त्याच मैदानासाठी शहराने 1979 साली एलडब्ल्यूसीएफचे पैसे घेतले होते. 2017मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ते पैसे घेऊन शहराने जागा पार्क म्हणून समर्पित केली. त्यामुळे तिला राज्यघटनेच्या अनुच्छेद 97चं संरक्षण लागतं आणि विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांशिवाय वापर बदलता येत नाही. डीडमध्ये बंधनाचा शब्दही नव्हता.

तुमच्या पार्कला असं अनुदान मिळालंय का, हे राज्याच्या एलडब्ल्यूसीएफ कार्यालयाला विचारा आणि सीमा-नकाशाची प्रत मागा. टाउनशिपकडे असलेले कागद ओपरा या राज्याच्या माहिती-अधिकार कायद्याखाली मागता येतात. उत्तराची मुदत साधारण 7 कामकाजाचे दिवस. अर्जात ‘पार्कसंबंधी सर्व कागदपत्रं’ असं लिहू नका, तो अस्पष्ट म्हणून परत येतो. ‘ब्लॉक अमुक, लॉट तमुक यासाठीचे अनुदान करार, सीमा-नकाशे, रोझीच्या सर्व आवृत्त्या, अप्रेझल (मूल्यांकन) अहवाल’ असं नेमकं मागा. अप्रेझल वाटाघाटी चालू आहेत म्हणून अडवून ठेवलं तर नकाराचं कारण लेखी घ्या.

याखेरीज आणखी दोन शक्यता तपासून टाका. पार्क पूर्वी लष्कराची किंवा दुसऱ्या फेडरल खात्याची फाजील जमीन असेल, तर तिच्या डीडमध्ये केंद्राकडे परतीचं कलम असतं. आणि जुन्या शहरात यूपीएआरआर नावाच्या फेडरल कार्यक्रमाचा पैसा आलेला असू शकतो. त्याचा नियम थोडा सैल आहे. बदलीच्या जागेचं बाजारमूल्य जुळवावं लागत नाही, करमणुकीची संधी समतुल्य असली म्हणजे झालं. शिकागोत जॅक्सन पार्कमध्ये ओबामा सेंटर उभं करताना यूपीएआरआरच्या हिशोबात मिडवे प्लेझन्सचा पूर्वेकडचा भाग बदली म्हणून दाखवला गेला. ती जागा आधीपासूनच पार्कची होती, यावर टीका झाली. एलडब्ल्यूसीएफ असतं तर गणित वेगळं झालं असतं. तेव्हा पैसा कोणत्या खात्यातून आला हे नाव बरोबर काढणं महत्त्वाचं.

आता किमतीचा भाग. सगळा खेळ इथे होतो.

समजा पार्कच्या 6 एकरांवर बंधन नसतं आणि तिथे अपार्टमेंट बांधता आली असती तर एकरी 12 लाख डॉलर मिळाले असते. म्हणजे 72 लाख. आता टाउनशिपच्या अप्रेझरने असं धरलं की जमीन पार्क झोनमध्ये आहे, बांधकाम करता येत नाही, म्हणून एकरी 80 हजार. म्हणजे 4 लाख 80 हजार. विकासकाच्या कडेच्या 9 एकरांचे एकरी दीड लाख धरले तर साडेतेरा लाख. पहिल्या हिशोबाने टाउनशिपचा 58 लाख 50 हजारांचा तोटा आहे. दुसऱ्या हिशोबाने दिलेल्याच्या जवळजवळ तिप्पट मिळतं. जमीन तीच, दिवस तोच. आकडे इथे समजायला घेतले आहेत, पण अशी तफावत खऱ्या अहवालांत दिसते.

फेडरल प्रकरणात जुन्या जागेचं मूल्यांकन 6(एफ)चं बंधन नाही असं धरून, तिच्या सर्वाधिक किफायतशीर कायदेशीर वापराप्रमाणे करायचं असतं. त्यासाठी फेडरल जमीनखरेदीचे एकसमान मूल्यांकन-मानदंड आहेत, त्यांना धंद्यात ‘यलो बुक’ म्हणतात. अप्रेझल आलं की आकड्याआधी गृहीतकांचं पान काढा. मूल्यांकनाची तारीख कोणती? झोन आजचा धरला की अदलाबदलीनंतर मिळणारा? रिडेव्हलपमेंट प्लॅनचा मसुदा तयार असेल, तर रिझोनिंगची शक्यता वाजवी आहे हे अप्रेझरला दिसायलाच हवं. तुलनेसाठी घेतलेले व्यवहार कुठले? पार्कची तुलना दुसऱ्या संवर्धन-जमिनींशी आणि नव्या जागेची तुलना बांधकामयोग्य जमिनींशी केली असेल, तर दोन्ही बाजूंनी पट्टी वेगळी वापरली गेली. हे एकदा दाखवलं की अहवाल परत जातो.

नव्या जागेच्या बाजूला उलट चूक होते. विकासकाने ती किती डॉलरला घेतली हा आकडा बाजारमूल्य नसतो. आणि तिच्यावर गोदाम किंवा घर असेल, तर करमणुकीला उपयोगी नसलेल्या बांधकामाचं मूल्य फेडरल नियमात मोजता येत नाही. पाडण्याचा खर्च मात्र असतोच.

पैसे जुळले तरी उपयोग जुळायला हवा, आणि तिथे रहिवाशांचं म्हणणं अप्रेझरपेक्षा जड पडू शकतं. आज पार्क कोण वापरतं, कोणत्या वेळी, कशासाठी, याची नोंद करा. शनिवार-रविवारी आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, तासातासाला माणसं मोजायची, प्रत्येक वापराचा फोटो तारखेसह काढायचा. टाउनशिपच्या सल्लागाराच्या अहवालात ‘कमी वापराचा पार्क’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्याची पाहणी सहसा कामाच्या दिवशी दुपारी झालेली असते.

आपल्या लोकांपुरतं बोलायचं तर क्रिकेट. अमेरिकन पार्क-आराखड्यात बेसबॉल आणि सॉकरची मापं तयार असतात, क्रिकेटचं माप तिथे कोणी धरत नाही. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पिचच्या मध्यापासून सीमारेषा किमान 65 यार्डांवर असते. म्हणजे मैदानाचा व्यास 130 यार्ड, 390 फूट. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. 6 एकरांचा चौकोनी पार्क एका बाजूला सुमारे 511 फूट येतो, त्यात मैदान बसून कडेला झाडं, खेळणी आणि पार्किंगही मावतं. 9 एकरांची 300 फूट रुंदीची पट्टी सुमारे 1,307 फूट लांब होते आणि तिच्यात हे मैदान बसतच नाही. क्षेत्रफळ दीडपट, मैदान शून्य. गल्लीतल्या टेनिसबॉलच्या सामन्याला सीमा जवळ चालते, तरी 300 फुटांत दोन्हीकडे 150च उरतात आणि चेंडू शेजाऱ्याच्या अंगणात जातो. शिवाय पिच साधारण उत्तर-दक्षिण लागते, नाहीतर संध्याकाळी फलंदाजाच्या डोळ्यांत ऊन. पट्टी पूर्व-पश्चिम पसरलेली असेल तर तोही प्रश्न. हे सगळं मापांसकट एका कागदावर रेखाटून सुनावणीत द्या. ‘आमच्या समाजाला मैदान हवं’ यापेक्षा 390 फुटांचं वर्तुळ 300 फुटांच्या पट्टीवर ठेवलेलं चित्र नोंदीत जास्त टिकतं.

ठिकाणाचंही असंच. नकाशावर सरळ रेघ मारून ‘एक मैल’ म्हणणं आणि आजीने नातवाला हात धरून चालत नेणं यात मधे चार लेनचा स्टेट रूट असतो. फुटपाथ कुठे तुटतो, सिग्नल कुठे आहे, बस जाते का, हे चालून मोजा. फेडरल नियमात बदलीची जागा लगतची असलीच पाहिजे असं नाही, हे मान्य करायला हवं. पण ज्यांची गरज जुना पार्क भागवत होता त्यांना नवी जागा पोहोचते का, हा प्रश्न विचारावाच लागतो.

आता नव्या जागेची तब्येत. विकासक देऊ करतो ती जमीन बहुतेक वेळा त्याला स्वतःला बांधता न येणारी असते. कारण शोधायचं. पहिलं, पाणी. फेमाच्या (केंद्राच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या) पूरनकाशावर जागा फ्लडवेत (पुराच्या मुख्य प्रवाहमार्गात) आहे का, हे ऑनलाइन पाच मिनिटांत कळतं. न्यू जर्सीत वेटलँडभोवती (पाणथळ जागेभोवती) मोकळा ठेवायचा संक्रमण-पट्टा असतो, मध्यम प्रतीच्या वेटलँडला 50 फूट, अपवादात्मक प्रतीच्या वेटलँडला 150 फूट. 9 एकरांत मधोमध ओढा आणि दोन्हीकडे 150 फूट सोडले की खेळायला काय उरतं ते स्केल घेऊन मोजा. वेटलँड वाईट नव्हे, फेडरल नियमात तिला बदलीची जागा म्हणून मानही आहे. पण खेळाच्या मैदानाच्या बदल्यात फक्त पाणथळ मिळाली तर मुलं कुठे खेळणार, हे टाउनशिपने सांगायला हवं.

दुसरं, माती. एएसटीएम ई1527-21 या मानकाप्रमाणे फेज वन (प्राथमिक) पर्यावरण-तपासणी मागा आणि तारीख बघा. मुलाखती, साइटची पाहणी, सरकारी नोंदी हे त्यातले भाग 180 दिवसांनंतर शिळे होतात आणि नव्याने करावे लागतात. जुनी फळबाग असेल तर लेड आर्सेनेट फवारल्यामुळे मातीत शिसं आणि आर्सेनिक असू शकतं. औद्योगिक पट्ट्यात भराव असतो. फेज वनमध्ये शंका आली की फेज टूत मातीचे नमुने घ्यायचे. ‘वर स्वच्छ मातीचा थर टाकू’ असा उपाय सुचवला तर तो थर कायमचा राखायचा खर्च कोणाचा आणि त्यात झाड लावता येईल का, हे विचारा. दूषित जमीन शुद्ध जमिनीच्या भावाने मोजली गेली असेल, तर किमतीचं गणित पुन्हा उघडतं.

तिसरं, टायटल. नव्या जागेवर गॅस पाइपलाइन, विजेच्या तारा, सांडपाण्याची लाइन यांचे ईझमेंट (दुसऱ्याला दिलेले जागा-वापराचे हक्क) आहेत का? मोबाइल टॉवरची लीज? विकासकाच्या बँकेचं गहाण? ईझमेंटचा पट्टा नकाशावर हिरवा दाखवतात, पण त्यावर ना झाड लावता येतं ना दिव्याचा खांब. आल्टा सर्व्हे मागा, त्यात हे सगळं आखलेलं असतं.

आणखी एक युक्ती इतक्या वेळा वापरली जाते की ती वेगळी सांगायला हवी. बदली म्हणून दाखवलेली जागा टाउनशिपच्याच मालकीची निघते. शाळेचं मैदान, पाणीपुरवठ्याची जमीन, किंवा लोक आधीपासून फिरायला जातात असं जंगल. ते आधीच सार्वजनिक करमणुकीत असेल तर गावाला नवीन काही मिळालेलं नसतं, फक्त फलक बदलतो. फेडरल नियम अशी सार्वजनिक जमीन बदली म्हणून सहजासहजी घेऊ देत नाही. मागच्या वर्षांच्या रोझीत आणि टाउनशिपच्या मास्टर प्लॅनच्या नकाशात ती जागा कोणत्या रंगात होती ते दाखवलं की चर्चा संपते.

पर्यायांचं विश्लेषण हा भाग लोक घाईत ओलांडतात. टाउनशिपला सिद्ध करावं लागतं की पार्क न घेता काम होण्यासारखे व्यवहार्य पर्याय तपासले. अहवालात तीन पर्याय असतात, त्यातले दोन उघड अशक्य, तिसरा हवा तो. दुसरी मोकळी जागा, कमी मजले, बंद पडलेलं ऑफिस पार्क असा खरा पर्याय एखाद्या रहिवाशाने नोंदीत घातला की त्याचं उत्तर द्यावंच लागतं.

न्यू जर्सीबाहेरच्यांसाठी दोन ओळी. टेक्सासमध्ये पार्क्स अँड वाइल्डलाइफ कोडच्या 26व्या प्रकरणाखाली नोटीस सलग तीन आठवडे छापावी लागते, सुनावणी होते, ‘व्यवहार्य आणि शहाणपणाचा दुसरा पर्याय नाही’ असा निष्कर्ष लागतो, आणि आव्हानाला 30 दिवसच मिळतात. कॅलिफोर्नियात 1971चा पब्लिक पार्क प्रिझर्व्हेशन कायदा बदलीची जागा किंवा तिचा खर्च मागतो. न्यूयॉर्कमध्ये विधिमंडळाचा कायदाच लागतो. व्हॅन कोर्टलँड पार्कखाली पाणी गाळण्याचा कारखाना बांधून वर पुन्हा पार्क करायचा होता, तरी 2001मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने विधिमंडळाची संमती आणायला लावली.

क्रम चुकला तर काय होतं हे न्यूयॉर्क शहरातल्या ब्रॉन्क्सने पाहिलंय. बेसबॉलच्या नव्या यँकी स्टेडियमसाठी मॅकूम्ब्स डॅम पार्क आणि शेजारच्या मुलाली पार्कचा भाग 2005च्या कायद्याने मोकळा झाला. मॅकूम्ब्स डॅम पार्कवर एलडब्ल्यूसीएफचं बंधन होतं, त्यासाठी फेडरल मंजुरीही घेतली गेली. काम 2006 साली सुरू झालं, स्टेडियम एप्रिल 2009मध्ये उघडलं. बदलीचा मुख्य भाग, जुन्या स्टेडियमच्या जागेवरचा हेरिटेज फील्ड, 2012मध्ये मिळाला. जुनं स्टेडियम पाडल्याशिवाय तो होणारच नव्हता, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मधल्या काळात शाळेत असलेली मुलं ट्रॅकवर धावायच्या वयातून बाहेर पडली. कागदावर सगळ्या मंजुऱ्या होत्या.

म्हणून ऑर्डिनन्समध्ये आणि विकासकाच्या करारात क्रम लिहून घ्या. आधी नव्या जागेचं डीड टाउनशिपच्या नावे. त्याच दिवशी, गहाण वगैरे नोंदण्याआधी, त्यावर पार्कचं कायम बंधन नोंदवायचं, मेट्स अँड बाउंड्सच्या (सीमारेषांची मापं आणि दिशा देणाऱ्या) वर्णनासह, नुसता पत्ता नको. मग रोझीत आणि एलडब्ल्यूसीएफ लागू असेल तर नव्या सीमा-नकाशात नोंद. जुन्या बंधनाची सोडचिठ्ठी एस्क्रोत (तटस्थ तिसऱ्याच्या ताब्यात) ठेवायची आणि हे सगळं झाल्यावरच नोंदवायची. मैदान, रस्ता, पाण्याचा नळ, झाडं तयार करायला तारीख आणि त्या रकमेचा परफॉर्मन्स बॉण्ड (काम न झाल्यास भरपाईची हमी). नवी जागा खुली होईपर्यंत जुना पार्क कुंपण न घालता चालू. फेडरल प्रकरणात बदलीची जागा नंतर देण्याची सवलत कधी मिळते, पण ती सहसा एका वर्षाची असते आणि लेखी हमीवर. विकासक म्हणेल की एवढं थांबलो तर कर्जाचं व्याज चढतं. चढतं. ती त्याची किंमत आहे, आणि ती त्याने करारातच धरायला हवी.

आणि मुदती. ऑर्डिनन्सचं पहिलं वाचन होतं, ते वृत्तपत्रात छापतात, मग दुसऱ्या वाचनाला जाहीर सुनावणी आणि मतदान. पहिल्या वाचनाला लोक नसतात कारण अजेंडावर फक्त एक नंबर असतो. म्हणून कौन्सिलचा अजेंडा दर सभेआधी कोणीतरी एकाने वाचायचा. सुनावणीत बोललेलं तीन मिनिटांत संपतं. लेखी हरकत, नकाशे आणि फोटो क्लार्ककडे देऊन शिक्क्याची प्रत घ्या, कारण पुढे कोर्ट पाहतं ते नोंदीतले कागद. ऑर्डिनन्सला सुपीरियर कोर्टात आव्हान द्यायला सहसा 45 दिवस असतात. डीईपीच्या अंतिम निर्णयाविरुद्ध अपेलेट डिव्हिजनमध्ये जायलाही 45. दोन्ही घड्याळं वेगळी चालतात, आणि राज्याची मंजुरी येईपर्यंत थांबू असं ठरवलं तर पहिलं संपून गेलेलं असतं. जमिनीचे व्यवहार करणारा नव्हे, म्युनिसिपल जमिनीच्या खटल्यांचा वकील शोधा, आणि पहिल्या भेटीला जाताना डीड, रोझी, सीमा-नकाशा आणि अप्रेझलमधलं गृहीतकांचं पान सोबत न्या.